विचारण्याचा खर्च

लिफ्टच्या आरशात पाहून केसांची बट कानामागे सारत बाई म्हणाल्या, "आज मास्तरांचं अप्रूव्हल आलं की तुझा बदल आत घेऊन टाकू. आणि मग त्यांनाही मोकळं करू." त्या हे आरशातल्या स्वतःलाच सांगत असाव्यात असे त्याला वाटले, म्हणून तो दारावरच्या बदलत्या आकड्यांकडे पाहत राहिला. "त्यांच्याकडे आता दुसरं काय उरलंय? त्यांचा भाग तर तूच काढतोयस. वरून विचारणा होतीच, या माणसाला ठेवायचं कशासाठी म्हणून. आता निदान उत्तर तरी देता येईल." बोलता बोलता त्यांना आपली बट पुन्हा कानामागून निसटलेली दिसली आणि त्या किंचित वैतागल्या, तो वैताग मास्तरांवरचा की बटेवरचा हे कळायला मार्ग नव्हता. त्याचा मजला आला. दार उघडले. "तू कुणाला बोलणार नाहीसच म्हणा," त्या हसून म्हणाल्या, "तुझं ते एक बरं आहे." तो बाहेर पडला, मागे दार मिटले, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की बाहेर पडताना आपण "बरं" म्हटले होते. कशाला म्हटले? मजला आला म्हणून, त्या वरच्या अधिकारी म्हणून, की कुणी काही बोलले तर उत्तरादाखल काहीतरी आवाज करायचा असतो म्हणून? पण शब्द उच्चारला गेला होता, आणि लिफ्ट वर गेली तरी तो मजल्यावर त्याच्यापाशीच राहिला होता.   

मास्तर अजून आले नव्हते. त्यांची खुर्ची टेबलाशी नीट सरकवून ठेवलेली होती. जाताना खुर्ची सरकवून जाणारा त्या मजल्यावरचा तो एकमेव माणूस. बाकीच्यांच्या खुर्च्या, माणसे अर्ध्या वाक्यावर उठून गेल्यासारख्या, वाटेल तशा वळलेल्या असत. मास्तर हे नाव त्यांना कुणी ठेवले हे कुणाला आठवत नव्हते, पण का ठेवले हे सगळ्यांना ठाऊक होते: ते कुठल्याही गोष्टीला प्रश्नानेच सुरुवात करीत. त्यांची कंपनी स्वतः ॲप बनवीत नसे. ॲप बनवणाऱ्यांना लागणारा सांगाडा, फ्रेमवर्क, बनवीत असे. काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनी सुरू झाली तेव्हा त्या सांगाड्यातला लेआउटचा भाग, म्हणजे पडद्यावर काय कुठे आणि केवढे बसेल हे ठरवणारा भाग, मास्तरांनी एकट्याने लिहिला होता. खाली काचा कापल्याचा आवाज दिवसभर दातांत शिरे, असे ते सांगत. त्या आवाजात लिहिलेल्या ओळी आज कुणाकुणाच्या खिशांत, पर्सेत, उशांखाली चालत होत्या. आणि त्याच त्या ओळी त्याने गेल्या काही महिन्यांत, एकेक करून, आपल्या अजून आत न गेलेल्या बदलात काढल्या होत्या.

त्याला कुणी विचारले असते, तर मास्तरांची पद्धत त्याने प्रेमानेच समजावून सांगितली असती. पडद्यावरचा प्रत्येक मजकूर, प्रत्येक चित्र, प्रत्येक बटण म्हणजे एक चौकट. चौकटीत चौकटी, त्यांच्या पोटात आणखी चौकटी. मास्तरांच्या पद्धतीत वरची चौकट खालच्या प्रत्येकीला आधी विचारी, तुला किती जागा हवी? सगळ्यांची उत्तरे आली की वाटणी ठरे; मग ती पुन्हा प्रत्येकीकडे जाऊन विचारी, एवढी मिळते आहे, भागेल का? खालची आपल्या पोटातल्यांना हेच दोनदा विचारी, त्या आणखी खालच्यांना, आणि असे प्रश्न दुपटी-दुपटीने वाढत जात. पडदा साधा असला तर हे खपून जाई. पण आताचे पडदे साधे राहिले नव्हते. स्वस्तातल्या जुन्या फोनवर यादी वर सरकवली की ती अडखळे, दम लागलेल्या माणसासारखी थांबून थांबून चाले. त्याने तो पहिला प्रश्नच काढून टाकला. वरून एकदाच मर्यादा सांगायची. खालच्याने त्यात मावून घ्यायचे आणि आपला झालेला आकार कळवायचा. संपले. मेमरीचेही तसेच. यादीतली ओळ पडद्याबाहेर गेली की मास्तरांची व्यवस्था ती मोडून टाकी आणि पुढच्यासाठी नवी घडवी. मोडलेली पुष्कळदा मोडतच नसे, कारण ओळ यादीला धरून असे आणि यादी ओळीला, आणि दोघी एकमेकींना सोडत नाहीत तोवर ती जागा अडून राही. शेवटी ॲप कोसळे. त्याने ठरवले, यादीने ओळीला धरावे, ओळीने यादीला नुसते ओळखावे. आणि वरून बाहेर गेलेली ओळ न मोडता खालून पुन्हा आत आणावी, नवा मजकूर भरून. मूठभर ओळींत हजारोंची यादी भागू लागली. ज्या दुपारी टेस्टिंगच्या त्या तडा गेलेल्या फोनवर यादी पहिल्यांदा न अडखळता सरकली, त्या दुपारी त्याने ती उगाचच वर-खाली, वर-खाली सरकवली होती, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. आयुष्यात आपल्या हातून काहीतरी तंतोतंत बरोबर झाले आहे, ही भावना त्याला त्याआधी ठाऊक नव्हती. आता ती दुपारही लिफ्टमधल्या त्या वाक्याच्या पलीकडून दिसत होती.

कंपनीत एक नियम होता. कुणाच्याही लिहिलेल्या ओळी काढायच्या तर त्या ज्याच्या, त्याचेच अप्रूव्हल लागे. दुसऱ्या कुणाचे चालत नसे, बाईंचेही नाही. हा नियम मास्तरांनीच घातला होता. माणसाचे काम त्याला न विचारता पुसू नये, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा आज, जेवणाच्या आधी किंवा नंतर, मास्तर आपल्याच हाताने अप्रूव्हलचे हिरवे बटण दाबतील, आणि दाबताक्षणी त्या इमारतीत त्यांचे काही उरणार नाही. हे बाईंना माहीत होते आणि त्याला माहीत होते. मास्तरांना नव्हते. त्याने ठरवले तर त्यांना सांगता येत होते. सांगितले तर ते बटण दाबणार नाहीत. बदल अडेल, बाईंना दुसरे निमित्त शोधावे लागेल, शोधायला वेळ लागेल, वेळात काहीही होऊ शकते. किंवा त्याला स्वतःचा बदल मागे घेता येत होता; त्यासाठी तर कुणाची संमती लागत नव्हती. दोन्ही गोष्टी इतक्या सोप्या होत्या की त्याला त्यांची भीती वाटली.

"काय रे, झोप झाली का?" मास्तर कधी आले ते त्याला कळले नाही. हातात कप, खांद्यावर ती नेहमीची कापडी पिशवी.

"हो."

"चेहऱ्यावरून वाटत नाही. तुझंच वाचायला घेतोय. आज डोक्यात दुसरं काही ठेवलंच नाही मुळी."

"सावकाश वाचा."

"सावकाश का? बाई मागे लागल्यात की, आज हवं म्हणून." मास्तर हसले. "मला वाटलं, तुझीच घाई असेल. तुझं लग्न ठरलं तरी तू कुणाला सांगणार नाहीस, आम्हाला अक्षता पडल्यावर कळेल. काय मौनीबाबा?"

पलीकडच्या रांगेतून कुणीतरी हसले. मौनीबाबा हे त्याचे ऑफिसातले नाव. मास्तर ते सहसा वापरत नसत. वापरले तर पाठीवरून हात फिरवल्यासारखे. त्याने तोंड उघडले. आत शब्द नव्हते असे नाही. फार होते, आणि प्रत्येक जण आधी दुसऱ्याला जाऊ देत होता. तेवढ्यात मास्तर आपल्या टेबलाशी पोचलेही होते.

पहिल्या दिवशी याच टेबलाशी उभे राहून मास्तरांनी विचारले होते, "कुठे बसशील? खिडकीशी की भिंतीशी? आणि जागा किती लागते तुला? काही जणांना पसरायला लागतं."  असा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. लहानपणी एका खोलीत पाच माणसे झोपत, आणि रोज संध्याकाळी बाबा अंथरुणे घालीत. ते आधी कपाटापासून दारापर्यंत एक नजर टाकीत, मग वितीने मोजल्यासारखे करीत आणि जागा वाटून टाकीत: आजी इथे, आई-ताई, तुम्ही दोघी इथे, मी दाराशी. जे उरे ते त्याचे. कपाट आणि भिंत यांच्या मधली ती चिंचोळी पट्टी. कूस बदलली की कपाटाची कडी पाठीत रुते. बाबा वाईट नव्हते, घाईत असत. एकदा त्याने म्हटले होते, बाबा, मला थोडं अलीकडे. बाबांनी खरोखरच आश्चर्याने म्हटले होते, "अरे, मावतोस की!" आणि तो मावत होता, हे खरेच होते. पुढे तो सगळीकडेच मावत गेला. बाकाच्या टोकाला, फोटोच्या कडेला, बोलण्याच्या शेवटाला. मास्तरांच्या त्या प्रश्नाने त्याला पहिल्याच दिवशी इतके गोंधळवले की तो म्हणाला, कुठेही चालेल. "कुठेही चालेल हे उत्तर नाही," मास्तर म्हणाले होते. "दोन दिवस इथे बस, दोन दिवस तिथे. मग पुन्हा विचारतो." आणि त्यांनी खरोखरच पुन्हा विचारले होते. तो खिडकीशी बसला. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसे, पाइप, पंखे, वाळत घातलेली पोछ्याची फडकी, आणि ते सगळे त्याला आपले वाटे, कारण ते त्याने मागितलेले होते.

मग याच खिडकीशी बसून त्याने शोधून काढले की विचारण्याला खर्च फार येतो. आकडे खोटे बोलत नव्हते. त्याने तक्त्यात तेच शब्द लिहिले होते, विचारण्याचा खर्च, आणि समोर शून्य. बाईंनी सभेत त्या शून्याभोवती गोल काढला होता.

जेवणाच्या सुट्टीआधी ताईचा फोन आला म्हणून तो आग लागली तर उतरायच्या जिन्यात गेला. तिथे सिमेंटचा गारवा असे आणि दुसऱ्याच कुणाच्यातरी सिगारेटचा वास. ताई एका दातांच्या दवाखान्यात लोकांच्या वेळा लावी; तिच्या आवाजामागे नेहमी यंत्राची घरघर आणि कुणाचे तरी कण्हणे असे. "बाबांना डोळे दाखवायला न्यायचंय. तू सुट्टी काढशील?"

"बघतो."

"तुझं बघतो म्हणजे नाही. तसं सांग, म्हणजे मी माझं जमवते."

"ताई," तो म्हणाला, आणि थांबला. पलीकडे घरघर थांबली. "एखाद्याचं वाईट होणार असेल, आणि आपल्याला कळलं असेल, तर आधी सांगावं का?"

"कुणाचं काय होणार आहे?"

"नाही, असंच."

"असंच तू घड्याळात किती वाजले तेही विचारत नाहीस. कोण? मास्तर? त्यांना काही झालं का?"

बाबा इस्पितळात होते तेव्हा मास्तर रोज कामावरून तिथे येत आणि बाकावर बसून राहत. बोलत नसत, फक्त ताईला विचारीत, तू जेवलीस का. तेवढ्यावर ताईने त्यांना घरचे माणूस ठरवून टाकले होते.

"झालं नाही. होणार आहे. त्यांना काढतायत."

"मग सांग ना त्यांना! तोंडाला काय टाके घातलेत?"

"बाईंनी विश्वासाने सांगितलं."

ताई हसली. ते हसणे त्याला लहानपणापासून ओळखीचे होते. कानशिलावर टिचकी मारल्यासारखे. "विश्वासाने? अरे वेड्या, तू बोलत नाहीस म्हणून सांगितलं. खुंटीवर सदरा अडकवताना माणूस खुंटीला विचारतो का, तुझ्यावर विश्वास ठेवू म्हणून? जा, आत्ता जाऊन सांग. आणि मला फोन कर."

"बघतो," तो म्हणाला. तिने फोन आधीच ठेवला होता.

तो जिन्यातच उभा राहिला. खुंटी हा शब्द त्याला लागला नाही, याचेच त्याला वाईट वाटले. लागायला हवा होता. त्याला दुसरेच काहीतरी लागत होते, आणि ते इतके क्षुद्र होते की ताईला सांगण्याजोगे नव्हते. मास्तरांना सांगितले तर बदल अडेल. बदल अडला तर ती यादी त्या फोनवर पुन्हा अडखळू लागेल. तो चांगले काम केलेला माणूस राहणार नाही. बढती, बाईंची मर्जी, यांच्याकडे त्याने मनातल्या मनात वळून पाहिले आणि त्याला खरेच त्यांचे काही वाटले नाही. तेवढ्यापुरता तो स्वच्छ होता. पण ती गोष्ट, ती न अडखळता सरकणारी गोष्ट, जगात राहावी असे त्याला वाटत होते, आणि मास्तर राहावेत असेही वाटत होते, आणि एका चौकटीत दोन्ही मावत नव्हती. कुणीतरी येऊन हे वाटून द्यावे, बाबांसारखे, एका नजरेत, असे त्याला वाटले. मग त्याने जिन्याचे जड दार ढकलले आणि सरळ मास्तरांच्या टेबलाकडे निघाला. पहिले वाक्य त्याने तयार केले होते: मास्तर, बटण दाबू नका. कारण नंतर सांगता येईल.

"ये, तुलाच बोलावणार होतो," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातात तोच तडा गेलेला फोन होता. "बस. चांगलं लिहिलंयस. खोटं नाही बोलत, सकाळी वाचता वाचता मला दोनदा वाटलं, हे मला का सुचलं नाही? पण एक गंमत बघ."

नमुन्याची यादी म्हणून ते सगळे ऑफिसातल्याच माणसांची नावे आणि फोटो वापरीत. मास्तरांनी अंगठ्याने यादी जोरात वर सारली. नावे भुर्रकन गेली, आणि यादी थांबता थांबता, मास्तरांच्या नावापुढे, डोळा लवतो न लवतो एवढा वेळ, त्याचा चेहरा दिसला. मग तो गेला आणि मास्तरांचा आला.

"पाहिलंस? माझ्या जागी तू!" मास्तर मनापासून हसले. "पुन्हा दाखवतो."

त्यांनी पुन्हा दाखवले. त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. चूक त्याला पहिल्याच खेपेला कळली होती. वरून बाहेर गेलेली ओळ खालून आत आणताना त्याने तिच्यात नवे नाव भरले होते, पण जुना फोटो पुसला नव्हता. नवा फोटो दुरून येईपर्यंत आधीच्याचा चेहरा तिथे राहून जाई. ही चूक जुन्या पद्धतीत होणेच शक्य नव्हते, कारण तिथे ओळच मोडली जाई. आणि ही चूक, त्याला क्षणात दिसले, देवासारखी धावून आलेली होती. सदोष बदल. सदोष बदल मागे घेता येतो. कुणाला काही सांगावे लागत नाही, बाईंचा शब्दही मोडत नाही, मास्तरांना काही कळत नाही, आणि मास्तर राहतात. काही आठवडे, कदाचित काही महिने. 

"मागे घेतो मग," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला मोठा वाटला.

"मागे? कशाला?"

"चूक आहे. नीट करून पुन्हा देतो. वेळ लागेल."

"वेळ कसला लागतो? दोन ओळींचं काम. तुझी खुर्ची ओढ इकडे." मास्तरांनी कळफलक त्याच्यापुढे सरकवला. "ओळ आत येताना आधी रिकामी कर, मग नवा माणूस बसव. लिही."

तो लिहू लागला. ती दोन ओळींचीच गोष्ट होती. चुकीचे लिहिता आले असते. हळू लिहिता आले असते, डोके दुखते म्हणता आले असते. पण बोटे कळांवर होती आणि समोर एक अपुरी गोष्ट होती, आणि अपुरी गोष्ट समोर असली की त्याच्या मनातला बाकीचा सगळा आवाज बंद होत असे. याच गुणासाठी मास्तरांनी त्याला निवडले होते. पहिली ओळ लिहून झाल्यावर तो थांबला. "आत येताना नको," तो म्हणाला. "बाहेर जाताना रिकामी करू. म्हणजे जुन्या फोटोची मेमरीही तेव्हाच सुटेल, वाट बघत बसणार नाही."

मास्तर पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी टेबलावर थाप मारली. "वा! अरे, हे मला सुचलं नव्हतं! बाहेर जातानाच! बरोबर आहे. जाणाऱ्याने आपलं सगळं घेऊनच जायला हवं." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो पाहून त्यालाही, एक निमिषभर, निव्वळ सुख झाले. ते सुख ओसरले तेव्हा मास्तरांनी यादी पुन्हा सारली होती, आणि ती स्वच्छ सरकली होती. प्रत्येक नावापुढे क्षणभर रिकामी जागा आणि मग ज्याचा त्याचा चेहरा. आता त्याच्या हातात काही उरले नव्हते. ते त्याने स्वतःच आपल्या हातांनी नीट करून टाकले होते.

मास्तरांनी माऊस हातात घेतला. हिरवे बटण पडद्याच्या कोपऱ्यात होते.

"थांबा," तो म्हणाला.

मास्तर वळले. त्यांच्या चष्म्याच्या काचांत पडद्याची दोन छोटी प्रतिबिंबे होती, त्यामुळे डोळे दिसत नव्हते. तो त्या काचांशी बोलणार होता. "मास्तर, हे... तुम्ही..."  पाठीमागे कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडत होते, आणि तो कागद फाटण्याचा आवाज संपता संपत नव्हता. त्याला वाटले, हा आवाज थांबला की बोलतो.

"अरे, तुला वाईट वाटतंय होय?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "माझ्या ओळी पुसल्या जातायत म्हणून? वेडा आहेस का? लिहिल्या तेव्हाच ठाऊक होतं, कुणीतरी येणार आणि पुसणार. कोणी परका येण्याऐवजी तू आलास. आणखी काय पाहिजे?" आणि त्याने काही बोलायच्या आत, त्याचा संकोच त्याला फार वेळ सोसावा लागू नये अशा मायेने, त्यांनी बटण दाबले. "जा आता. मर्ज कर. आणि जेवून घे."

तो जेवला नाही. आपल्या जागेवर येऊन बसला. अप्रूव्हल आले की बदलाच्या चाचण्या आपोआप चालत, आणि त्या पार पडल्या की ज्याचा बदल त्यानेच तो मर्ज करायचा, म्हणजे मूळ सांगाड्यात मिसळून टाकायचा, असे. एकेक चाचणी हिरवी होत होती. काचेच्या खोलीत बाई आलेल्या त्याला दिसल्या. मग मास्तर उठले, त्यांनी खुर्ची नीट सरकवली आणि तेही त्या खोलीत गेले. दार लागले. आवाज येत नव्हता. मास्तर ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, इस्पितळाच्या त्या बाकावर बसत तसे. बाई बोलत होत्या. हातांनी हवेत काहीतरी बाजूला सारत होत्या. मध्येच मास्तरांनी काहीतरी विचारले. बाईंनी उत्तर दिले. मास्तरांनी पुन्हा काहीतरी विचारले, आणि या वेळी बाईंनी टेबलावरचे कागद जुळवले. सगळे इतके शांतपणे चालले होते की काचेबाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, कुणाच्या तरी सुट्टीचे बोलणे चालले आहे. त्याच्या पडद्यावर शेवटची चाचणी हिरवी झाली. मर्जचे बटण उजळले. आता ते दाबले काय, न दाबले काय, काचेच्या आतले काही बदलणार नव्हते. आणि न दाबले तर निदान एवढे म्हणता आले असते की मी दाबले नाही. हा विचार त्याला स्वच्छ दिसला. त्यातला खोटेपणाही दिसला. त्याने बटण दाबले.

सगळ्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी तो निरोप उमटला असावा, कारण रांगेच्या टोकाकडून कुणीतरी टेबल बडवायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. मोठा बदल आत गेला की ते असे करीत. "मौनीबाबा, भाषण! भाषण!" कुणी ओरडले. "अहो, त्याला पाणी द्या आधी!" त्या गदारोळात काचेचे दार उघडले. मास्तर बाहेर आले, आणि आवाजाचे कारण ध्यानात येताच त्यांनीही, येता येता, वाटेतल्या टेबलावर दोन थापा मारल्या. ते त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबले. बडवणे हळूहळू विरले, लोक आपापल्या पडद्यांकडे वळले. मास्तर वाकले. त्यांचा आवाज त्याच्यापुरताच होता.

"तुला माहीत होतं?"

"नाही," तो म्हणाला.

तो शब्द कुठेही अडखळला नाही. एवढ्या लवकर, एवढे स्पष्ट उत्तर त्याने आयुष्यात कुणाला दिले नव्हते. मास्तरांच्या खांद्यांतला ताठपणा गेला. त्यांनी श्वास सोडला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आत बसल्या बसल्या मला तेवढीच धाकधूक होती. म्हटलं, पोराला माहीत असेल, तर सकाळपासून किती घुसमटला असेल बिचारा." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटला. हात हलका होता. तो पडद्याकडे पाहत राहिला. हात निघून गेल्यावरही पाहत राहिला. मागे खण उघडल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्या खणाचा. पिशवीत काहीतरी ठेवले गेले. बिस्किटांचा पुडा फोडलेल्या त्या माणसाने विचारले, "काय मास्तर, आज लवकर निघालात?"

"हो," मास्तर म्हणाले. "आज काम लवकर संपलं."